यीस्ट दुसऱ्या दिवशी का बसतं? मक्याच्या बिट्ट्यांपासून झायलिटॉल करताना अडणारी बॅच

लक्षण बहुतेक ठिकाणी सारखंच असतं. मक्याच्या बिट्ट्या, म्हणजे दाणे काढल्यावर उरणारा कणसाचा दांडा, सौम्य आम्लात शिजवल्या. अर्क चुना घालून गाळला, थंड केला, यीस्ट सोडलं. पहिल्या रात्री फेस आला, आंबल्याचा वास सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून सगळं शांत. चौथ्या दिवशी तपासावं तर झायलोज, म्हणजे बिट्टीतून सुटलेली साखर, होता तेवढाच आणि यीस्टने त्यापासून बनवायचं गोड झायलिटॉल नावाला. मग "कल्चर मेलं" असं ठरतं, नवीन कल्चर येतं आणि पुढची बॅच त्याच जागी अडते.

यात दोष यीस्टचा क्वचितच असतो. पहिल्या रात्रीची धावपळ ग्लुकोजवरची असते. अर्कात थोडा ग्लुकोज असतोच आणि यीस्ट तो आधी संपवतं. खरी परीक्षा त्यानंतर, झायलोज खायची पाळी आल्यावर. तिथं अडलं तर कारण बहुधा अर्कातल्या विषात, घसरलेल्या पीएचमध्ये किंवा हवेच्या हिशोबात सापडतं. आधी नेमकं कुठं अडलंय ते शोधा, मग खर्च करा.

पुढचे आकडे एका ठरावीक मापाचे आहेत: ५ किलो वाळलेल्या बिट्ट्या, ४० लिटर १ टक्का सल्फ्युरिक आम्ल, आणि शेवटी साधारण १५ लिटर आंबवण. पऱ्हाटी, तुराट्या किंवा गोंदिया-भंडाऱ्याकडची धानाची तणस वापरत असाल तर रीत हीच. फक्त झायलोज कमी मिळतो, आणि तणशीत राख व माती जास्त असल्यामुळे थोडं आम्ल तिथंच खर्ची पडतं. शिकायला बिट्ट्याच घ्या. बुलडाणा जिल्ह्यात मक्याच्या हंगामात त्यांचे ढीग पडलेले असतात आणि इतर काडीकचऱ्यापेक्षा त्यांच्यात झायलोज बराच जास्त असतो.

ब्रिक्स बघून काही कळणार नाही

गुळाच्या पाण्यावर आंबवण शिकलेला माणूस रिफ्रॅक्टोमीटर घेऊन बसतो. ब्रिक्स, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या साखरेचं त्यावर दिसणारं माप, उतरला नाही, म्हणजे बॅच अडली असं धरतो. इथं ते चालत नाही. १५० ग्रॅम झायलोजमधून, सगळा बदलला तर, १५२ ग्रॅम झायलिटॉल होतं आणि दोन्ही पाण्यात विरघळलेलेच राहतात. बॅच उत्तम चालली तरी ब्रिक्स थोडासाच हलतो. उलट ब्रिक्स झपाट्याने उतरत असेल तर साखर यीस्टचं अंग वाढवण्यात किंवा दारूत चालली आहे, असं समजा.

बघायची ती रिड्यूसिंग साखर, म्हणजे बेनेडिक्टसारख्या तांब्याच्या निळ्या द्रावणाचा रंग पालटणारी साखर. झायलोज बेनेडिक्ट द्रावणाचा रंग बदलतो, झायलिटॉल बदलत नाही. नमुना १० पट पातळ करा. ५ मिली बेनेडिक्टमध्ये त्याचे ८ थेंब टाका आणि उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा. शेजारी लिटरला १, २ आणि ५ ग्रॅम डेक्स्ट्रोजच्या पाण्याच्या तीन नळ्या तशाच उकळा आणि रंग जुळवून बघा. पातळ न करता टाकलं तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत विटकरी रंगच दिसेल आणि काहीच उमगणार नाही. दुसरी स्वस्त सोय म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी लघवीतल्या साखरेची पट्टी. तिच्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज फक्त ग्लुकोज ओळखतं, झायलोज नाही. नमुन्याचा पीएच ६ च्या आसपास आणून पट्टी बुडवा. पट्टी कोरी आणि बेनेडिक्ट लाल, म्हणजे ग्लुकोज संपला आणि झायलोज शिल्लक आहे. रक्तातल्या साखरेचा ग्लुकोमीटर मात्र वापरू नका. त्याच्या काही पट्ट्या झायलोजलाही ग्लुकोज समजतात.

बेनेडिक्ट पूर्ण निळं होईल अशी वाट पाहू नका. अर्कात थोडा अराबिनोज असतो, तोही रिड्यूसिंग, आणि हे यीस्ट त्याला फारसं तोंड लावत नाही. म्हणून शेवटी हिरवट झाक राहतेच.

चार बाटल्यांची चाचणी

दोष शोधायला याहून सोपी गोष्ट नाही आणि तीच सगळे टाळतात. २५० मिलीच्या चार बाटल्या घ्या, प्रत्येकीत १०० मिली द्रव आणि तोंडाला कापसाचा बोळा.

पहिलीत शुद्ध झायलोज ३ ग्रॅम, यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १ ग्रॅम आणि नेहमीचे क्षार (फॉस्फेट व मॅग्नेशियम, माप पुढे पीएचच्या भागात आहे). दुसरीत तुमचा तयार अर्क, तेच यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, तेच क्षार. तिसरीत अर्क निम्मा, पाणी निम्मं, आणि साखर दुसरीइतकी होईल एवढा शुद्ध झायलोज वरून. चौथी दुसरीसारखीच, फक्त तिचा पीएच दर ६ तासांनी ५.५ ते ६ वर आणायचा. चौघींत सारखंच यीस्ट टाका, ३० अंशाला हलवत ठेवा आणि ४८ तासांनी बेनेडिक्ट करा.

पहिलीच चालली नाही तर यीस्टकडे बघा. पहिली आणि तिसरी चालली, दुसरी नाही, तर अर्क विषारी आहे. दुसरी अडली आणि चौथी चालली, तर पीएच. चारही चालल्या आणि टाकीच अडते, तर हवा, तापमान किंवा बाहेरचे जंतू. शुद्ध झायलोज महाग वाटतो, पण एका चाचणीला लागतो ५-६ ग्रॅम. वाया गेलेल्या एका बॅचच्या डिझेलपेक्षा ते स्वस्त पडतं.

यीस्ट: चुका थोड्या, पण मुळावर येणाऱ्या

बेकरीचं यीस्ट झायलोज खात नाही. कितीही घाला, ग्लुकोज संपला की ते बसणारच. या कामाला कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिस, कॅन्डिडा गिलिअरमोंडी किंवा डेबॅरिओमायसेस हॅन्सेनी यांपैकी एक लागतं. कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंदीगडच्या एमटीसीसी संग्रहातून नावानिशी घ्यावं. ट्रॉपिकॅलिस वेगवान आहे, पण अशक्त माणसाला संसर्ग करू शकणारं आहे. हातमोजे घालून काम करा आणि टाकी उतरवताना सगळा द्रव ८० अंशाला तापवूनच पुढे न्या. खाण्याच्या मालासाठी आमचा कल हॅन्सेनीकडे आहे. ते हळू चालतं, पण चीज बनवण्यातलं ओळखीचं यीस्ट आहे आणि खारट पाणी सोसतं.

दुसरी चूक विरजणाची. गुळाच्या पाण्यावर वाढवलेलं यीस्ट झायलोजमध्ये टाकलं की त्याला झायलोज पचवणारी एन्झाइम नव्याने तयार करावी लागतात. त्यात अर्धा-एक दिवस जातो आणि तेवढ्यात जंतू पुढे निघतात. विरजण शुद्ध झायलोजवर वाढवा: लिटरला ३० ग्रॅम झायलोज, १० ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, ३० अंश, २४ तास, भरपूर हवा. १५ लिटरच्या टाकीला किमान दीड लिटर विरजण हवं. टाकण्याआधी एक थेंब मिथिलीन ब्लूमध्ये घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघा. निळ्या पेशी मेलेल्या असतात. दहात एकाहून जास्त निळ्या दिसल्या तर ते विरजण टाकीत घालू नका.

अर्क विषारी का होतो

यीस्टला मारणाऱ्या गोष्टी तीन प्रकारच्या आणि तिन्हींचं मूळ शिजवण्यात आहे. जास्त शिजलं की झायलोज मोडून फरफ्युरल होतं, ग्लुकोजपासून त्याच्याच जातीचं एचएमएफ होतं. बिट्टीला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमधून फिनॉल सुटतात. आणि बिट्टीतल्या हेमिसेल्युलोजला चिकटलेल्या अॅसिटिल गटांमधून अॅसिटिक आम्ल येतं. पहिल्या दोन्हींवर शिजवणं आटोक्यात ठेवून लगाम घालता येतो. अॅसिटिक आम्ल मात्र येणारच, कारण झायलोज सुटतो तिथंच तेही सुटतं. वरच्या मापात ते लिटरला साधारण ४ ग्रॅम भरतं.

शिजवण्याचं माप असं. बिट्ट्या ३ ते ५ मिलिमीटरपर्यंत भरडा. मोठे तुकडे राहिले तर बाहेरून करपतात आणि आतून कच्चे राहतात. ४० लिटर पाण्यात ९८ टक्क्यांचं आम्ल २२० मिली, म्हणजे साधारण ४०० ग्रॅम. आम्ल पाण्यात ओतायचं, उलट कधीच नाही, आणि डोळ्यांवर चष्मा हवा. बॅटरीचं आम्ल या कामाला नको. १२१ अंशाला, म्हणजे १५ पौंड दाबाला, ४५ मिनिटं. वेळ दाब चढल्यापासून मोजा. ऑटोक्लेव्हमधली हवा आधी पूर्ण बाहेर जाऊ द्या, नाहीतर काटा १५ दाखवतो आणि आत तापमान कमीच असतं. "शिजलं नाही" म्हणून वेळ दुप्पट करतात, त्याचं मूळ बऱ्याचदा या अडकलेल्या हवेत असतं. द्रव काचेच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या भांड्यात ठेवा. अॅल्युमिनियमचं भांडं तर नकोच, आणि नेहमीचं स्टेनलेस स्टीलही गरम आम्लात झिजून लोह, क्रोमियम आणि निकेल अर्कात सोडतं. हे धातू यीस्टलाही बाधतात आणि खाणाऱ्यालाही.

निघालेला अर्क काळ्या चहाच्या रंगाचा असावा. त्याहून काळपट आणि कडू बदामासारखा वास मारणारा असेल तर फरफ्युरल भरपूर झालंय. पुढच्या वेळी १० मिनिटं कमी करा.

अर्क पिळून गाळल्यावर ३० ते ३२ लिटर मिळतो. झायलोज लिटरला ३० ग्रॅमच्या आसपास. एवढ्या पातळ अर्कात काम होतं, पण नंतर स्फटिक काढणं महाग पडतं. म्हणून आटवून निम्मा करतात. आणि इथंच बहुतेकांचा क्रम चुकतो.

आधी आटवा, मग चुना

चुन्याने अॅसिटिक आम्ल जातं असा समज पक्का बसलाय. ते जात नाही. त्याचं कॅल्शियम अॅसिटेट होतं आणि ते पाण्यात विरघळलेलं राहतं. मग तो अर्क आटवला की साखरेसोबत तेही दुप्पट होतं, ४ चं ८ ग्रॅम. उघड्या कढईत तासन्‌तास आटवलं तर करपून आणखी वेगळी विषं तयार होतात.

अर्क आंबट असतानाच, चुना टाकण्याआधी, व्हॅक्यूमखाली ६०-६५ अंशाला निम्मा करा. या अवस्थेत अॅसिटिक आम्ल क्षार न होता मोकळं असतं, त्यामुळे वाफेबरोबर त्याचा काही भाग आणि फरफ्युरल बरंच निघून जातं. भांडं काचेचंच हवं, कारण सल्फ्युरिक आम्लही दुप्पट तीव्र होत असतं. ज्यांच्याकडे व्हॅक्यूमची सोय नाही त्यांनी आटवायचं सोडून द्यावं आणि पातळ अर्कच आंबवावा. कढईत आटवून बॅच मारण्यापेक्षा ते बरं.

किती आम्ल उरलं ते मोजता येतं. गाळलेल्या आंबट अर्काचे ५० मिली काचेच्या उपकरणात वाफ सोडून ऊर्ध्वपातित करा आणि जमलेल्या पाण्यात फिनॉल्फथॅलिन (आम्ल संपलं की गुलाबी होणारा रंगदर्शक) टाकून, ते गुलाबी होईपर्यंत एन/१० (०.१ नॉर्मल) सोडियम हायड्रॉक्साइड किती लागलं ते मोजा. दर १ मिलीला ६ मिलिग्रॅम अॅसिटिक आम्ल. सल्फ्युरिक आम्ल वाफेबरोबर येत नाही, त्यामुळे हिशोब बिघडत नाही.

मग चुना. बांधकामाचा खडीमिश्रित चुना नको, हायड्रेटेड लाइमची पिशवी घ्या आणि पाण्यात कालवून दुधासारखा करा. ९८ ग्रॅम सल्फ्युरिक आम्लाला ७४ ग्रॅम शुद्ध चुना लागतो, पण वजनावर विसंबू नका. पीएच मीटर बघत १० पर्यंत न्या. ६० अंशाला अर्धा तास ठेवा आणि गरम असतानाच जाड कापडातून गाळा. पीएच १० च्या वर किंवा तापमान ६० च्या वर गेलं तर झायलोजच मोडू लागतो, अर्क तांबूस होत जातो. नंतर थोडं फॉस्फरिक किंवा सल्फ्युरिक आम्ल टाकून ५.५ वर आणा. रात्रभर थंड ठेवून खाली बसलेला जिप्सम (चुना आणि सल्फ्युरिक आम्लापासून झालेला क्षार) सोडून द्या. आता लिटरला २० ग्रॅम अॅक्टिव्हेटेड कार्बन घालून ४५-५० अंशाला तासभर ढवळा आणि गाळा. फिनॉल काढायचं काम मुख्यतः हा कोळसा करतो. चुल्ह्यातला कोळसा वाटून ते होत नाही.

एवढं करूनही तिसरी बाटली चालते आणि दुसरी अडते, असं दिसलं तर यीस्टला सवय लावा: २५ टक्के अर्क, मग ५०, ७५, १००. प्रत्येक पायरीवर २४ ते ४८ तास, आणि वाढलेल्यातलंच दहावा भाग पुढच्या बाटलीत. सवय झालेलं विरजण ग्लिसरॉल घालून गोठवून ठेवा, दरवेळी नव्याने करू नका.

पीएच: रात्रीत घसरतो, सकाळी उशीर झालेला असतो

अर्कातलं अॅसिटिक आम्ल पीएच ५.७५ ला फक्त ९ टक्क्यांच्या आसपास मोकळ्या रूपात असतं. पीएच ४.७५ ला निम्मं. यीस्टच्या पेशीत शिरतं ते हे मोकळं रूप. म्हणजे सोडताना निरुपद्रवी वाटलेला अर्क पीएच उतरताच विष होतो. आणि अमोनियम सल्फेट घातलं असेल तर पीएच उतरतोच, कारण यीस्ट अमोनिया घेतं आणि मागे आम्ल सोडतं. "पहिली रात्र चांगली, दुसऱ्या दिवशी बसलं" याचं हे एकच कारण आम्ही सगळ्यात वर ठेवू.

उपाय साधा आहे. पहिले ३० तास दर ४ तासांनी पीएच बघा आणि सौम्य कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडच्या पातळ द्रावणाने) ५.५ ते ६ वर ठेवा. चुना इथं वापरू नका. नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेटऐवजी लिटरला ३ ग्रॅम युरिया दिला तर घसरण बरीच कमी होते. यीस्ट एक्स्ट्रॅक्ट परवडत नसेल तर तांदळाचा बारीक कोंडा, म्हणजे राईस ब्रान, लिटरला २० ग्रॅम उकळून गाळलेलं पाणी चालतं. ब्रान ताजा हवा, खवट ब्रानने फेस आणि वास दोन्ही वाढतात.

पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट (लिटरला २ ग्रॅम) आणि मॅग्नेशियम सल्फेट (अर्धा ग्रॅम) वेगळ्या बाटलीत निर्जंतुक करून थंड अर्कात मिसळा. चुन्याचा अर्क गरम असताना फॉस्फेट टाकलं तर पांढरा कॅल्शियम फॉस्फेट खाली बसतो आणि यीस्ट उपाशी राहतं. नायट्रोजनवाला पदार्थ आणि साखर एकत्र शिजवू नका, अर्क पुन्हा काळा पडतो.

अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाण पट्ट्यातलं बोअरचं पाणी या कामाला घेऊ नये. त्यातले क्षार, सल्फ्युरिक आणि कॉस्टिकचे क्षार, वर आटवणं, अशी बेरीज होत जाते. आरओचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घ्या.

हवा

झायलोजचं झायलिटॉल करणारं एन्झाइम एनएडीपीएच, म्हणजे पेशीतला हायड्रोजन वाहून नेणारा एक रेणू, वापरतं. झायलिटॉल पुढे पचवणारं एन्झाइम एनएडी, म्हणजे तशाच जातीचा पण रिकामा वाहक, मागतं. हवा कमी पडली की पेशीत भरलेला वाहक, एनएडीएच, साचतं, एनएडी उरत नाही, पुढची पायरी मंदावते आणि झायलिटॉल बाहेर साठत जातं. आपल्याला हवंय ते हेच. पण हवा पूर्ण बंद झाली तर ऊर्जाच मिळत नाही आणि यीस्ट झायलोज घेणंही सोडतं.

म्हणून टाकी दोन टप्प्यांत चालवा. पहिले १० ते १२ तास १५ लिटरला मिनिटाला ७-८ लिटर हवा आणि जोरात ढवळण. मग मिनिटाला २ ते ३ लिटर. हे सुरुवातीचे आकडे आहेत, तुमच्या टाकीची उंची आणि पंखा वेगळा असेल तर बदलतील. खूण अशी: १० मिली नमुना नळीत ठेवून किंवा सेंट्रिफ्यूज करून तळाचा थर बघा. २४ तासांनंतरही थर वाढतोच आहे आणि बेनेडिक्ट उतरतंय, तर साखर अंगात चालली आहे, हवा कमी करा. थर थांबला, बेनेडिक्टही थांबलं आणि दारूचा वास येतो, तर हवा वाढवा. फेस आला तर शेंगदाणा तेलाचे दोन-चार थेंब पुरे. वाटीभर तेल ओतलं तर हवा विरघळणंच बंद होतं.

शेतातल्या फीडरवर टाकी असेल तर लाइट जाणं धरूनच चाला. तीन-चार तास हवा आणि ढवळण बंद राहिलं की यीस्ट तळाला बसतं आणि गाडी परत रुळावर यायला बराच वेळ खाते. मासळी बीज नेणारे वापरतात तो १२ व्होल्टचा एअर पंप आणि एक जुनी बॅटरी एवढ्यावर कमी हवेचा टप्पा सहज निभतो.

तापमान ३० ते ३२. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरच्या टाकीतलं पाणी टाकीभोवतीच्या नळीतून फिरवलं तरी पुरतं. जुलै-ऑगस्टच्या दमटीत त्या पाण्याला गारवा राहत नाही, तेव्हा बर्फ लागतो. हिवाळ्याच्या रात्री उलट ऊब द्यावी लागते.

टाकीच अडली आणि आंबट वास, पीएच ४ च्या खाली, सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या गोल-लंबगोल पेशींमध्ये बारीक काड्या दिसल्या, तर लॅक्टिक जंतू शिरलेत. ती बॅच वाचवत बसू नका. टाकी, नळ्या आणि हवेचा फिल्टर वाफेने उकळून काढा. बहुतेक वेळा दोष नळीच्या वाकलेल्या कोपऱ्यात असतो.

कधी थांबायचं

बेनेडिक्ट हिरवट झाकेवर आलं की लगेच, त्याच तासाला, ८० अंशाला तापवा. "अजून एक दिवस राहू दे" म्हटलं तर झायलोज संपल्यावर यीस्ट तयार झायलिटॉलच खायला लागतं, आणि सकाळी कमी भरलं म्हणून पुन्हा कल्चरला दोष जातो. चांगली बॅच ४८ ते ९६ तासांत उतरते. सगळी साखर झायलिटॉल होणं शक्यच नाही, कारण एनएडीपीएच बनवायला काही झायलोज जाळावाच लागतो. हिशोबाची कमाल मर्यादा झायलोजच्या ग्रॅममागे ०.९२ ग्रॅम झायलिटॉल. अर्कावर ०.६ मिळालं तर समाधान माना. म्हणजे १५ लिटरमध्ये, लिटरला ६० ग्रॅम झायलोज धरून, अर्धा किलोच्या आसपास झायलिटॉल, आणि स्फटिक काढताना त्यातलं बरंच मळीत, म्हणजे उरलेल्या पाकात, राहतं. निकेलच्या मदतीने झायलोजवर थेट हायड्रोजन चढवून बनलेल्या कारखान्यातल्या मालाशी या मापावर भावाची स्पर्धा होत नाही, हे आधीच समजून उतरलेलं बरं.

शेवटची एक खबरदारी, जी सांगायची राहून जाते. झायलिटॉल कुत्र्यांना विषारी आहे, थोडंसं पोटात गेलं तरी त्यांची रक्तातली साखर कोसळते. गोड मळी, धुतलेलं पाणी किंवा फिल्टरचं कापड उकिरड्यावर टाकू नका. खड्ड्यात टाकून लगेच मातीने बुजवा.